बोलावणीचे साहेब आणि आमची म्हैस

लग्न होऊन मी मार्गासनीजवळच्या या गावात आले तेव्हा ओढ्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात वेल्ह्याची एसटी आमच्या अलीकडच्या काठावर थांबायची आणि माणसं डोक्यावर बोचकी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं जायची. मग एका उन्हाळ्यात पुलाचं काम निघालं. आमचं घर ओढ्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून सिमेंटची पोती आमच्या पडवीत आली आणि पोत्यांच्या मागोमाग ओव्हरसियर जेवायला आला.

हा ओव्हरसियर बांधकाम खात्याच्या भोरच्या कचेरीतला. कोवळा, बिनलग्नाचा, आणि उन्हात सतत छत्री उघडून चालणारा. बायकामाणसांशी बोलायची वेळ आली की तो जमिनीशी बोलायचा. मीही जमिनीशीच बोलायची, त्यामुळं आमचं दोघांचं जमिनीशी चांगलं होतं.

त्याच्याखेरीज आणखी एक साहेब होते. ते त्याच्या वरतीही नव्हते आणि खालीही नव्हते. पेन्शनीत गेलेले पुण्याचे म्हातारे इंजिनेर. खात्यानं त्यांच्याशी करार केला होता, की काम अडलं तर बोलवायचं. बोलावलं की त्यांनी यायचं, विचारलं त्याचं उत्तर द्यायचं आणि एसटी धरायची. खातं त्यांना सल्लागार म्हणायचं. गाव म्हणायचं बोलावणीचे साहेब.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना तो करार पहिल्या झटक्यात कळला.

"म्हंजे आपल्या देवरुष्यावानी," त्या म्हणाल्या. "बोलावल्याबिगर येत न्हाई आन इचारल्याबिगर सांगत न्हाई. फकस्त त्याला कोंबडं लागतं, यांचं पिठल्यावर भागतं."

साहेब आले की गाव त्यांच्याभोवती गोळा व्हायचं. कुणाच्या भिंतीला तडा, कुणाच्या विहिरीला पाणी नाही. एकानं तर चूल कुठल्या कोपऱ्यात मांडू म्हणून विचारलं. साहेब सगळं ऐकून घ्यायचे आणि ओव्हरसियरकडं बोट दाखवायचे. "मला विचारायचं काम यांचं. यांनी विचारलं तरच मी सांगणार." पुढं मग लोक ओव्हरसियरलाच गाठून म्हणायला लागले, "माझी चूल इचारा की वो."

इथवर सगळी मजा होती. पण ओव्हरसियरनं अलीकडच्या काठाला खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, आणि ती मजा संपली. पुलाच्या टोकाची भिंत पंखासारखी वळून बरोबर आमच्या कातळावर बसणार होती.

तो कातळ म्हणजे आमची धुण्याची जागा. रुंद, काळा, पाण्याला उतरता. घरात माझ्याकडं दोनच शब्द होते, व्हय आणि न्हाई. कातळावर मात्र मला कंठ फुटायचा. मी मामंजींचा खोकला काढून दाखवायची, ओव्हरसियरची छत्रीतली चाल करून दाखवायची. बायका इतक्या हसायच्या की कुणाची तरी चोळी वाहून जायची. कातळ गेला असता तर मी पुन्हा दोन शब्दांवर आले असते.

आत्याबाई दारात उभ्या राहून ओव्हरसियरला म्हणाल्या, "बाबा, आमी धुणं कुठं धुवायचं?"

तो जमिनीला म्हणाला, "खाली पाणी आहे की, आजी."

"खाली बैलं धुत्यात आन बापय आंघुळी करत्यात. आमी कुणात उभं ऱ्हायाचं, बैलांत का बापयांत?"

"नकाशात आहे ते मला बदलता येत नाही. ते फक्त सल्लागार साहेबच बदलतील."

"मग इचार त्यांला."

"काम अडलं तर विचारायचं असतं. धुणं म्हणजे काही काम अडणं नाही."

खरी गोष्ट अशी, की तो साहेबांना सारखा बोलावतो म्हणून भोरच्या कचेरीत त्याची टिंगल व्हायची. हे त्यानंच एकदा जेवताना मामंजींना सांगितलं होतं. तेव्हा बायकांच्या धुण्यासाठी तो कशाला विचारतोय?

मधल्या खांबाच्या पायाला काहीतरी अडलं म्हणून साहेब पुन्हा आले. दुपारी ओसरीवर दोघांची पानं मांडली. ओसरी आणि गोठा यांच्यात एक कूड, एवढंच. परक्या पुरुषाशी सुनेनं बोलायचं नाही ही रीत. पण म्हशीशी बोलायला कुणाची बंदी नव्हती. लेकी बोले सुने लागे, ते आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

थोरल्या जाऊबाईंनी मला चिमटा काढला. "कातळावर लई चुरूचुरू बोलतीस. आता बोल की."

मी वैरणीची पेंढी उचलली आणि गोठ्यात गेले. म्हशीपुढं पेंढी टाकली आणि कुडाकडं पाठ करून म्हटलं, "खा गं बाई. आता म्या बी तुज्यासंगंच खाली येनार पान्यात. आमच्या कातळावर भित बसनार म्हनं. जरा सरकून घे, मला जागा दे."

पलीकडचा जेवणाचा आवाज थांबला. मला वाटलं, आता मामंजींचा खोकला येणार.

आला तो साहेबांचा आवाज, अगदी अदबीचा. "म्हशीबाई, मी ऐकलं. पण नुसतं ऐकून माझं चालत नाही. मला कुणीतरी विचारावं लागतं. आणि विचारणारे इथं माझ्या शेजारी ठेचा खातायत."

ओव्हरसियरला ठसका लागला.

मला कुठून धीर आला कोण जाणे. "का गं म्हशी, इचारणाऱ्यांचं काम अडलंच न्हाई तर?"

"अडलं तर विचारतील, म्हशीबाई," साहेब म्हणाले आणि भाकरी मागितली.

म्हशीनं कान हलवले. कुडाआड जाऊबाई तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या.

भिंतीच्या पायासाठी कातळाशेजारी खड्डा खणून झाला होता. रोज तो झिरपणीच्या पाण्यानं भरायचा आणि सकाळी गडी येऊन उपसायचे. दुसऱ्या दिवशी गडी यायच्या आधी आम्ही बायका आलो, घरोघरच्या वाकळा घेऊन. काष्टे खोचले आणि त्या खड्ड्यातच धुवायला उभ्या राहिलो. पाणी नितळ होतं. वाळत घालायला ओव्हरसियरच्या ताणलेल्या दोऱ्या होत्याच.

ओव्हरसियर आला, त्यानं पाहिलं, आणि गर्रकन पाठ फिरवली. मग छत्री उघडून आमच्या आणि स्वतःच्या मधे धरली. छत्रीमागून आवाज आला, "आजी, काम थांबलंय."

"आमचं चालू हाय की," आत्याबाई म्हणाल्या.

"किती वेळ लागेल?"

"वाकळा हायेत, बाबा. वाकळंला येळ लागतो."

गडी उंबराखाली बिड्या ओढत बसले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बायका खड्ड्यातच होत्या, त्यामुळं कुणी पुढं होईना. दुसऱ्या दिवशीही आम्ही गेलो. आमच्या वाकळा संपल्या तेव्हा जाऊबाईंनी माहेरच्या वाकळा मागवल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाइतक्या स्वच्छ वाकळा साऱ्या मावळात नसतील.

शेवटी ओव्हरसियर छत्री मिटून भोरच्या एसटीत बसला. काम अडलं होतं.

साहेब आले. तेही आमच्याकडं पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "विचारा."

ओव्हरसियरनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. आम्ही धुणं आपटायचं थांबवलं. तो आता 'बायकांना बाहेर कसं काढू' असं विचारील, तर साहेब त्याचंच उत्तर देतील आणि जातील, हे माझ्या तेवढ्यात ध्यानात आलं. माझ्या हातातली वाकळ तशीच राहिली.

"साहेब," तो ताणलेल्या दोरीकडं बघत म्हणाला, "भिंत वळवायच्या ऐवजी सरळ मागं नेली, तर?"

"तर लांब करावी लागेल. मागची माती धरायला हवी. दगड पुरेल?"

"पुरेल."

"मग चालेल. उत्तम चालेल."

"आणि पाण्यात उतरायला पायऱ्या?"

"विचारताय?"

"विचारतोय."

"मग घ्या चार. आणि आजी, आता तरी बाहेर या. खड्डा बुजवायचाय."

त्या दुपारी मी गोठ्यात जाऊन म्हशीला विचारलं, "अजून भाकरी वाढू का, इचार गं." कुडापलीकडून उत्तर आलं, "अर्धी, म्हशीबाई. आणि पिठलं झकास झालंय."

पाऊस लागायच्या आत पूल झाला आणि भिंतही उभी राहिली, कातळाला न शिवता. सिमेंटची पोती गेली, पडवी मोकळी झाली. आम्ही नव्या पायऱ्यांनी उतरून पहिलं धुणं काढलं आणि बायका म्हणाल्या, "कर की गं ओव्हरशेर." मी पिळलेलं लुगडं डोक्यावर छत्रीसारखं धरलं, तिरकं केलं, आणि जमिनीशी बोलत बोलत कातळावर येरझारा घातल्या.

कुणी हसलं नाही. सगळ्या वर बघत होत्या. पुलाच्या कठड्याशी ओव्हरसियर उभा होता, छत्री उघडून.

त्यानं आमच्याकडं पाहिलं नाही. कठड्याकडं बघत, कठड्यालाच म्हणाला, "माझी छत्री एवढी तिरकी नसते."

घरी असते तर मी मान खाली घालून 'न्हाई' म्हटलं असतं. पण मी कातळावर होते. हातातल्या लुगड्याला मी म्हटलं, "असती."