मळणीयंत्राचा खटका

बाळांनो, आज शिवणयंत्राला तेल घातलं आणि त्या वासाने सावली गावाजवळचं एका खोलीचं संग्रहालय आठवलं. धानाचं मळणीयंत्र शोधून काढून नाव कमावलेल्या एका शेतकऱ्याचं ते होतं. तिथे तुमच्या सहा वर्षांच्या आईने यंत्राचा दांडा फिरवला आणि तिची वेणी चाकात ओढली गेली. ती किंचाळली. मी पर्समधली कात्री काढली.

“वेणी काऊन कापून राह्यली, बाई?” म्हणत त्या शेतकऱ्याची म्हातारी बायको पुढे आली. तिने यंत्राखालचा खटका दाबला. चाक सैल होऊन वेणी सुटली.

“हा खटका त्यायनं मंग लावला,” ती म्हणाली. बोलताना तिचा हात कानामागच्या, केस नसलेल्या जागेवर गेला.

तेव्हा मला फक्त माझ्या लेकीची वेणी दिसली होती.