दोन कॅमेऱ्यांतला फरक

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. बायकोले नाई, पोरीले नाई. तुम्हाले काऊन सांगून राह्यलो — मलेच ठाऊक नाई.

पोंभुर्ण्यात माझा फोटो स्टुडिओ होता. गावात रंगीत टीव्ही नुकता आला होता, तेव्हाची गोष्ट. दोन भिंगांचा कॅमेरा — वरच्या भिंगातून पाहायचं, खालच्यातून फोटो निघायचा — हातात घेतला की मॉडेल कोणतं ते मी चटकन सांगायचो. माझा शब्द शेवटचा. मिजास होती मले त्याची, खोटं काऊन बोलू?

अन् मग लालसू आला. भामरागडकडचा, आमच्या गावच्या आश्रमशाळेत शिपाई. भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत तो आधी ज्याच्या घरी कामाले होता, त्या साहेबानं बदलीवर जाताना आपला कॅमेरा त्याले दिला होता — कागद ना चिठ्ठी. पहिला रोल मीच भरून दिला, हसत हसत, की हा काय फोटो काढणार! पण त्यानं काढलेली माणसं... जिती वाटायची हो. लोक माझं दुकान ओलांडून त्याच्याकडं जाऊ लागले. जंगलातला शिपाई, अन् मले मागं टाकते? जळलो मी. सरळ सांगतो, जळलो.

त्याच वर्षी शाळेचा कॅमेरा सापडेना. दिसायले अगदी लालसूच्यासारखाच. हेडमास्तरांनी लालसूचा कॅमेरा टेबलावर ठेवला अन् ओळख पटवायले मले बोलावलं. फरक एकच होता. शाळेच्या कॅमेऱ्याले मागं लहानशी लाल खिडकी होती, तिच्यातून नंबर पाहून रोल फिरवायचा. लालसूच्या कॅमेऱ्यात रोल आपोआप थांबायचा, खिडकी नव्हतीच. हे तिथं फक्त आम्हा दोघांले कळत होतं.

लालसू म्हणाला, "भाऊ, तुमाले तर माईत आहे. पहिला रोल तुमीच भरून देल्ला."

मी म्हणालो, "मले काई आठवत नाई. हा शाळेचाच आहे."

एवढंच. त्याची नोकरी गेली, कॅमेरा शाळेच्या कपाटात गेला. त्याची बायको शाळेच्या फाटकाशी बसून रडत होती, अन् मी तिच्यासमोरून सायकल नेली — शीळ घालत. चूक झाली म्हणू? चूक कशाची!

शाळेचा खरा कॅमेरा माझ्याच दुकानात होता. चित्रकलेचे मास्तर बदलीआधी दुरुस्तीले टाकून गेले, शाळेत सांगायचं विसरले. हेडमास्तरांसमोर उभा होतो — तेव्हाही मले हे पक्कं माहीत होतं.

काही महिन्यांनी लालसू दुकानात आला. कुठंतरी रोजंदारीसाठी अर्ज करायचा होता, फोटो पाहिजे होता. गावात दुसरा स्टुडिओ नव्हता. माझा कॅमेरा समोरच लावलेला होता. तरी मी माझ्या कपाटातून शाळेचा तो खरा कॅमेरा काढला — काऊन? त्याचं तोंड पाहायचं होतं मले.

शाळेत तो कॅमेरा रोज त्यानंच पुसला होता. त्यानं कॅमेऱ्याकडं पाह्यलं, मग माझ्याकडं. ओळखलं. पण सांगणार कोणाले? ओळख पटवायले तर मलेच बोलावलं असतं.

"काढा, भाऊ," म्हणाला.

मी त्याले हनुवटी वर करायले लावली, अन् काढला.