तिच्या घरात पाणी कुठं होतं

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या मांजरीनं पाणी पिणं सोडलं. जेवण नाही सोडलं बरं का. वरणभात कालवून दिला तर चार घास खायची, मग खाल्लं हेच विसरून पुन्हा ताटलीशी येऊन ओरडायची. पण पाण्याला तोंड लावेना. आणि नागपूरचा मे तुम्हाला ठाऊक आहे. दहा वाजले की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा दिवसांत पाणी न पिणारं जनावर किती दिवस काढणार?

सतरा-अठरा वर्षांची होती ती. माझं लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी ती आली, मूठभर पिल्लू. डोळे नुकते उघडलेले, आई कुठं गेली कोणास ठाऊक. तेव्हापासून तिचं आणि माझं बरोबरीनंच या घरात वय झालं म्हणायचं. माझ्या तीन बाळंतपणांना ती होती, तिच्या कितीतरी बाळंतपणांना मी होते.

दोनेक वर्षांपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. दार उघडलं की जिथून बाहेर पडायचं ती बाजू सोडून बिजागरीच्या बाजूला जाऊन उभी राहायची. फटीत नाक खुपसून वाट बघायची, की आता उघडेल, मग उघडेल. दार तर उघडंच! मी उचलून इकडं आणून ठेवायची, तर माझ्याकडं अशी बघायची की, कोण हो तुम्ही? कुठं तरी पाहिल्यासारखं वाटतं. भर दुपारी सगळे पडलेले असताना मधल्या खोलीत उभी राहून मोठमोठ्यानं हाका मारायची. हाका कुणाला, ते कळायचं नाही. मी जवळ जाऊन बसले की गप्प व्हायची. म्हणजे मलाच मारत असेल, किंवा कुणीही चाललं असेल.

सासूबाई म्हणायच्या, "अवं, बुढी झाली ते. मी नाही का चष्मा डोळ्यावर असून चष्मा शोधत? तिले तर चष्माबी नाही."

तर पाणी. मी आपलं घरभर पाणी मांडलं. व्हरांड्यात मातीचं परळ, मधल्या खोलीत वाटी, न्हाणीत पितळी तसराळं. थंड पाण्यानं तरी मोह होईल म्हणून माठातलं घेतलं. आता आमच्याकडं उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात, पाण्याला वास येतो. आम्हाला तो वास म्हणजे जीव की प्राण. तिनं एकदा हुंगलं आणि अंगावर कुणी धावून आल्यासारखी मागं सरली. मग मी वाळा काढला, साधं पाणी ठेवलं. तरी नाही. चमच्यानं पाजायला गेले तर ठसका लागला, डोळे पांढरे केले. मीच घाबरून चमचा टाकला.

तिसऱ्या दिवशी हे तिला पिशवीत घालून सायकलवर जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी मागून रिक्षानं. तिथं एक म्हैस आणि दोन बकऱ्या आमच्या आधी होत्या. डॉक्टरांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, तंबूसारखी. हळूहळू, अगदी सावकाश खाली बसली. मला तेवढ्यावरूनच कळलं.

"वय किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"सतरा-अठरा."

"बाई, मांजराच्या हिशोबानं ही तुमच्या सासूबाईंपेक्षा मोठी आहे." मग हसू आवरून म्हणाले, "डोकं म्हातारं झालं की जनावर घर विसरतं. आजार म्हणून दुसरा काही दिसत नाही. पण पाणी पोटात गेलं पाहिजे. आपणहून प्यायला लागली तर काढेल दिवस. नाहीतर या उन्हात तीन-चार दिवस धरा."

मी रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन आले. एवढीशी वजनाला. तीन-चार दिवस!

आता स्वयंपाकघराचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. पूर्वी आम्ही खाली बसून रांधत होतो. मधोमध मातीची चूल, पलीकडच्या कोपऱ्यात पाण्याची घडवंची, म्हणजे मडकी ठेवायची लाकडी घोडी. मग सहा वर्षं नंबर लावून गॅस मिळाला. गॅस आला म्हणून ओटा झाला, ओटा झाला म्हणून चूल फोडली. तिची जागा भरून घेऊन वर फरशी बसवली. घडवंची मोडून जळणात गेली. तिच्या कोपऱ्यात, ओट्याखाली, सिलिंडर बसला. पाण्याचा माठ व्हरांड्यात गेला. सासूबाई त्या ओट्यावर कधी रुळल्या नाहीत. "उभ्यानं का सैपाक करतेत? हे काय लग्नातलं जेवण आहे?" असं म्हणून कणीक मळायला त्या शेवटपर्यंत खालीच बसायच्या.

आणि मांजर हल्ली सारखी त्या सिलिंडरशी जाऊन धडका देत होती. डोकं आत खुपसायची, रबरी नळीला घासायची. गॅसची आम्हाला केवढी भीती तेव्हा! रेग्युलेटरला घरात फक्त यांनी हात लावायचा, आम्ही बायकांनी नाही, असा नियमच होता. नळी निघाली तर घर उडेल, म्हणून यांनी तिथं एक फळी आडवी लावून टाकली. मांजर येऊन फळीसमोर बसायची आणि ओरडायची. आम्ही हाकलायचो. दिवसातून वीस वेळा ती यायची, वीस वेळा आम्ही तिला हाकलायचो. मीसुद्धा. हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

दवाखान्यातून आलो त्याच दुपारची गोष्ट. मुलं सुट्टीला सावनेरला माझ्या माहेरी गेली होती, घर शांत होतं. हे दवाखान्यातून परस्पर ऑफिसला गेले होते, पण शनिवार असल्यानं अर्ध्या दिवसात घरी आले होते, दारात बसून पेपरानं वारा घेत होते. सासूबाई खाली बसून चिंचा फोडत होत्या. मी हताश होऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मांजर दारातून आत आली. सरळ चार पावलं आली, आणि मोकळ्या फरशीवर, काही नाही काही नाही तिथं, तिनं डावीकडं वळण घेतलं. चांगलं गोल वळण. शेपटी अंगाशी आवळून. मग पुन्हा सरळ झाली आणि फळीसमोर जाऊन बसली.

मी म्हटलं, "आई, पाहिलं का? ही सरळ का जात नाही हो?"

सासूबाईंनी हातातला बत्ता खाली ठेवला. "उचल तिले. पुन्हा दारात नेऊन सोड."

मी सोडली. पुन्हा तसंच. सरळ चार पावलं, वळसा, सरळ. त्याच जागी. खडूनं आखून दिल्यासारखं.

सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मायबाई! चुलीले वळसा घालून राहिली वं ते."

चूल! तिथंच तर होती चूल. शेपूट पोळू नये म्हणून ती तेव्हाही अशीच अंग चोरून जायची. फोडून सहा वर्षं झाली होती. तिच्यावरून आम्ही रोज शंभर वेळा चालत होतो, पाट मांडत होतो, मी तर ती कुठं होती हेसुद्धा विसरले होते. आणि हिच्यासाठी ती अजून तिथं तापलेली होती. घर विसरली, घर विसरली म्हणत होतो आम्ही. ती कुठलं विसरली होती? तिला अख्खं घर विटेविटेनं पाठ होतं. फक्त ते आमचं आत्ताचं घर नव्हतं, एवढंच.

"आई," मी म्हटलं, "चुलीला वळसा घालून पुढं काय होतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दोघींनाही एकदमच सुचलं.

"घडवंची!"

यांनी पेपर बाजूला ठेवला. "काय झालं वं? काहून ओरडून राहिल्या दोघीही?"

"सिलिंडर काढ तिथून," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"बाहेर काढ म्हणते ना. तिचं पाणी आहे तिथं."

हे आमच्याकडं आलटून पालटून बघायला लागले. "अवं, सहा वर्षं हात जोडले तेव्हा हा सिलिंडर मिळाला. अन् आता मांजरासाठी बाहेर काढू? नळी पुरते का दुसरीकडं? सैपाक कायच्यावर करान?"

"स्टोव्हवर करू," मी म्हटलं.

"मले तर बरंच आहे," सासूबाई म्हणाल्या, "खाली बसून करता येईन."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन की याची माय येडी आहे अन् बायको त्याहून येडी आहे. तू रेग्युलेटर काढ. आमाले हात लावू देत नाही ना तू?"

उठले बिचारे. रेग्युलेटर काढला, सिलिंडर गरगर फिरवत व्हरांड्यात नेला. फळी काढली. कोपरा पुसून मी लगबगीनं वाटीत पाणी आणून ठेवलं. मांजर आत शिरली. वाटी हुंगली, आणि वाटी सोडून तिच्या बाजूची फरशी चाटायला लागली. कोरडी फरशी! चाटायची, थांबायची, वर बघायची, पुन्हा चाटायची. मला तर रडूच आलं.

"उचल ते वाटी," सासूबाई म्हणाल्या. "ते कधी भांड्यात पेली वं? आठव जरा. मडकं पाझरायचं, खाली थेंब थेंब जमायचं, तेच चाटत बसायची दिवसभर. भांडं ठेवलं तर ढुंकून पायत नव्हती."

खरंच की. कशी विसरले मी?

व्हरांड्यातला माठ जुना, तो आता फारसा पाझरत नव्हता. पण यांनी आठ दिवसांपूर्वीच एक नवं काळं मडकं आणून ठेवलं होतं. आम्ही दोन विटा मांडल्या, त्यावर मडकं चढवलं, गळ्यापर्यंत भरलं. आणि बसलो. नवं मडकं आधी स्वतः पाणी पितं, मग देतं. घाई करून चालत नाही. तास गेला, दुसरा गेला. हळूहळू मडक्याची पाठ ओलसर झाली. मग बुडाशी घाम जमला. मग एक थेंब सुटला आणि विटेवरून ओघळून फरशीवर आला.

हेही येऊन बसले होते. आम्ही तिघं जमिनीवर. मांजर मधल्या खोलीतून आली. सरळ, वळसा, सरळ. मडक्याखाली मान घातली. आणि मग तो आवाज आला. लप, लप, लप. एवढासा तो आवाज, पण आम्ही तिघंही श्वास धरून ऐकत होतो. किती वेळ प्यायली! थेंब संपला की बसून राहायची, दुसरा आला की पुढं व्हायची. तिला घाई नव्हती. तिच्या घरात पाणी होतं.

"पी माय, पी," सासूबाई पुटपुटत होत्या.

मग हे म्हणाले, "आपण कुठं बसलो, पाहिलं का?"

मी पाहिलं. पूर्वी आमचे जेवायचे पाट जिथं मांडले जायचे, बरोबर तिथं आम्ही बसलो होतो. हे दाराच्या अंगाला, आई चुलीच्या उजव्या हाताला, मी वाढायला सोयीचं पडे तिथं. कुणी ठरवून बसलं नव्हतं. म्हणजे आमच्याही आत ते घर कुठंतरी होतंच की.

त्या दिवसानंतर तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की पटकन खाली बसायला लागली. मेचे उरलेले दिवस गेले, जून गेला. पाहुणे यायचे, ओट्यावर नुसते डबे आणि खाली फुरफुरणारा स्टोव्ह बघून विचारायचे, "काय हो, गॅस संपला का?" सासूबाई बिनदिक्कत सांगायच्या, "नाही, मांजरीचा कोपरा आहे तो." यांनी शोधून शोधून लांब नळी आणली, सिलिंडर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. पण तोवर पोळा जवळ आला होता, आणि ती आणखी मागं निघाली होती.

म्हणजे असं झालं, की एक दिवस ती सरळ आली. वळसा नाही. चुलीच्या जागेवरून सरळ चालत आली, मडक्याकडं बघितलंही नाही. सासूबाई दचकून माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाली तांदूळ निवडत बसले होते. ती माझ्या मांडीवर चढली, पुढचे पाय माझ्या पोटाशी एकामागून एक दाबायला लागली, आणि माझ्या पदराचं टोक तोंडात धरून चोखायला लागली. डोळे मिटलेले. आता ती चूलही नव्हती, घडवंचीही नव्हती. आमच्या घरी यायच्याही आधीचं काहीतरी होतं ते. तिथं मी नव्हते, हे नवल मला अजून पेलत नाही. सतरा वर्षं सांभाळलेल्या जिवाच्या आत एक जागा होती आणि तिथं मी अजून आलेलेच नव्हते. आणि तरी ती येऊन बसली होती ती माझ्याच मांडीवर.

मी कापसाचा बोळा दुधात बुडवून पदरात गुंडाळला. तो ती चोखत राहिली. दोन दिवस ती तशीच होती, मध्ये झोपायची, पुन्हा चोखायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड चालायचं थांबलं, पण पदर तिनं सोडला नव्हता. पोळ्यांची वेळ झाली होती, यांना दहाला ऑफिस गाठायचं होतं. मी उठायला लागले.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस तू," म्हणाल्या, आणि त्यांना न आवडणाऱ्या त्या ओट्यासमोर उभ्या राहून त्यांनी पोळ्या लाटायला घेतल्या.