फेअर वह्या

शाळेपासून माझे अक्षर चांगले. त्या अक्षराने मी एका माणसाचे जे नुकसान केले, ते आज पन्नाशी उलटल्यावर कागदावर उतरवतो आहे.

लातुरात मी आयकराची कामे पाहणारा वकील म्हणून बसलो, तेव्हा शिकवणी वर्गांच्या पाट्या दर उन्हाळ्यात वाढत होत्या. माझ्या अशिलांत गणिताचे एक सर होते. ते किल्लारीचे. भूकंप झाला तेव्हा ते नववीत होते. पुढचे शिक्षण पत्र्याच्या शेडमध्ये झाले. तिथल्या गुरुजींचा एक दंडक त्यांनी जन्मभर पाळला. चुकलेले खोडायचे नाही. त्यावर एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा मांडायचे.

लातुरात खोली करून राहणे ज्यांना जमत नाही, अशा खेड्यातल्या मुलांसाठी सरांनी वेबसाइट तयार करवून घेतली. मुलाने गणित सोडवले की त्याचे पाऊल नेमके कुठल्या पायरीवर घसरले, ते ती सांगे. त्यासाठी सर तीन वर्षे रेणापूरच्या मुलांवर चूक हुडकण्याच्या पद्धती तपासून पाहत होते. काय साधले आणि काय फसले, हे सारे त्यांच्या वह्यांत होते.

वेबसाइटचा असा खर्च एरवी करपात्र उत्पन्नातून थोडा थोडा करून काही वर्षांत वजा होतो. संशोधनाचा ठरला, तर एकदम. सरांना मात्र त्याचे अप्रूप नव्हते.

"साहेब, कर किती वाचतो ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "लोक म्हणायलेत, मास्तरनं जाहिरातीचा तमाशा मांडलाय. सरकारच्या कागदावर एकदा संशोधन म्हणून आलं, की तोंडं बंद होतील."

त्यांनी वह्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. वह्या उघडताच मला संकोच वाटला. पानापानावर रेघा, बाण, चहाचे डाग. एका पानावर तर 'आज पुन्हा सगळं फसलं' एवढेच लिहिलेले. आमच्या गावात पहिल्या आलेल्या मुलाच्या फेअर वहीच्या झेरॉक्स विकत घेतात. रफ वही आयकर अधिकाऱ्यापुढे ठेवणे मला अशोभनीय वाटले.

"सर, मी नीट उतरवून देतो."

"उतरवा. पण फसलेलं बी लिवा बरं का. अन् माझ्या वह्या जपा."

आठवडाभर मी रोज सकाळी त्या वह्या उतरवत होतो. फसलेले प्रयोग गाळले. सरांनी शेवटच्या पानावर विश्वासाने सही केली. वेबसाइटवरचे गुणवंतांचे फोटो आणि रंगीत सजावट यांचा खर्चही मी संशोधनातच घातला. पुढे दिवाळीच्या साफसफाईत मूळ वह्यांची पिशवी जुन्या कागदांबरोबर रद्दीत गेली. काढून देणारा मीच होतो.

पुढच्या वर्षी नांदेडच्या आयकर कचेरीत या खर्चाची सुनावणी झाली. अधिकारी वयस्कर, शांत. त्यांनी मी उतरवलेल्या वह्या बराच वेळ चाळल्या.

"तीन वर्षांचे काम, आणि एकदाही चुकला नाहीत?"

"चुकलो की साहेब! लई येळा," सर हसत म्हणाले. "ते मूळ वह्यांत हाय. वकीलसाहेबांकडं हायत त्या."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. अशिलाचे कागद रद्दीत घातल्याचे कळले, तर या कचेरीत माझी काय पत राहील, एवढेच माझ्या मनात आले.

"माझ्याकडे एवढ्याच आल्या होत्या," मी म्हणालो.

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग समोरचा पाण्याचा ग्लास हळूच बाजूला सरकवला.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर मागे पडल्यावर मी त्यांना खरे सांगितले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"सगळ्याच गेल्या का?"

"सगळ्याच."

"अकरा होत्या," ते म्हणाले.

आदेश आला. वेबसाइट हे जाहिरातीचे साधन. वह्या मागाहून तयार केलेल्या. अपिलाला तीस दिवस होते. मी खरे काय घडले ते शपथपत्रावर लिहून दिले असते, तर निदान दुसरे वाक्य पुसले जाण्याची आशा होती. मसुदा मी केलाही. एक शब्द खटकला म्हणून पुन्हा लिहिला, मग पुन्हा. मुदत संपली, तेव्हा तो सुवाच्य होता आणि त्यावर माझी सही नव्हती.

गावात बातमी फिरली. "मास्तरनं खोट्या वह्या केल्या म्हणं," असे मी चहाच्या टपरीवर ऐकले आणि चहा अर्धा टाकून उठलो. दोन वर्षांत सरांनी वर्ग बंद केला आणि ते किल्लारीला परतले.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. पुनर्वसनातल्या घराच्या ओसरीवर पाच-सहा मुले गणिते सोडवत होती. "या वकीलसाहेब," म्हणून त्यांनी चटई सरकवली. मी तो मसुदा खिशातून काढला. या वेळी खाली सही होती. त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले, आणि कागद घडी करून मला परत दिला. "पण आता कुणाला दाखवू, साहेब?"

शेजारची मुलगी वहीत काही खोडत होती. सरांनी तिच्या हातातले रबर काढून घेतले आणि तिला पुन्हा मांडायला सांगितले. मी चहा होईपर्यंत बसून राहिलो.