पट्टी लावून रेघ मारणारी

आमच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षानं मला फसवलं. पंचायत समितीची उमेदवारी मला कबूल केली आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला मिळणारा एबी फॉर्म स्वतःच्या साडूला दिला. दुसऱ्या दिवशी बदनापूर-जालना बसमध्ये मी हेच फोनवर ओरडून सांगत होतो. शेजारी एम.ए.ची एक मुलगी अमेरिकेतले पक्ष आणि निवडणुका यांवरचं पुस्तक वाचत बसली होती. पेन्सिल बोटाएवढी उरलेली, तरी रेघ मात्र ती पट्टी लावूनच मारायची.

मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “काका, तिकडं अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पक्षाचा उमेदवार साधे मतदारच मत देऊन ठरवतात.”

“मंग मीच निवडून आलो असतो! पक्षाचे सहाशे सभासद केलेत मी, दारोदार फिरून.”

“त्यांना कुणी विचारलं?”

“कुणीच न्हाई.”

“तुम्ही तरी विचारलं?”

मोसंबीच्या सौद्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. तिनं हरवलं, आणि पान उलटून पुढं वाचू लागली.

मीही त्यांना विचारलं नाही, ही माझी चूक मी त्या सहाशे जणांपुढं कबूल करीन. पण त्यांना न विचारता उमेदवार कुणी ठरवला, ते जिल्हाध्यक्षानं त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं.