साळूबाईची सवत

"सवत जिती असती तर भांडून मोकळी झाली असती; मेलेली गळ्यातच बांधून हिंडावी लागती," असं विंझरची साळूबाई एकदा म्हणाली होती.

ते तितकंसं खरं नव्हतं. भांडण रोज चालायचं. ज्ञानूची पहिली बायको अंबू तापानं गेली आणि मागून आलेल्या साळूच्या गळ्यात रीतीप्रमाणे सवतीचा टाक पडला. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. बारा वर्षं साळूबाई भाताच्या खाचरात त्या बाईच्या तोंडावरून अंगठा फिरवत नवऱ्याच्या कागाळ्या सांगत आली. ज्ञानूला नवरा म्हणून ओळखणारी दुसरी होती कोण?

टाकाची कडी तुटली म्हणून तिनं तो भोरच्या सोनाराकडे दिला. पुढच्या बाजाराला गेली, तर सोनारानं नवाकोरा, जाडजूड टाक हातावर ठेवला.

"जुना पार झिजला होता. वसंतरावांच्या बाईंना आवडला, त्यांना दिला. तुझा फायदाच झाला."

"ही कोण बया? हिला म्या वळखत न्हाई," म्हणत साळूबाई नवा टाक मुठीत धरून वसंतरावांच्या घरी गेली.

वसंतराव संस्थानच्या दफ्तरात कारकून. पुण्याच्या एका पाहुण्यानं जुन्या वस्तूंची तारीफ केल्यापासून त्यांच्या शैलजाबाईंनी मावळातली घरं धुंडाळून बैठक सजवली होती. पिकदाणीत गुलाब होते. भात मोजायच्या पायलीत वर्तमानपत्रं होती. घंगाळात छत्र्या उभ्या होत्या. अंबू शैलजाबाईंच्या गळ्यात, सोन्याच्या साखळीत होती.

साळूबाईची नजर तिथंच खिळलेली पाहून शैलजाबाई खुलल्या. "दोनशे वर्षांचा असेल. एखाद्या सरदाराच्या घरातला. चेहरा बघ कसा झिजलाय."

"बारा वर्सांचा हाय." साळूबाईनं अंगठा पुढं केला. "ह्यानं झिजला. ती माजी सवत हाय, बाईसाहेब. दुसरेपणाच्या बाईनं घालायची असती." मग दुखवट्याला आल्यासारखा आवाज उतरवून तिनं विचारलं, "तुमच्या मालकांची पयली कवा गेली?"

वर्तमानपत्रामागे वसंतराव खोकले. शैलजाबाईंनी घाईनं साखळी उतरवली, पण टाक मुठीतून सोडला नाही.

"गळ्यात नको तर नको. भिंतीवर लावीन."

"भिंत काय दुसरेपणावर दिलीया?" साळूबाईनं पदर सावरला. "ऱ्हाऊ द्या मग. पर जेवायच्या आधी तिला घास दावायचा. वांगं चालत न्हाई. अन् मालकांना यायला उशीर झाला, की कुठं हुते ते तिला सांगायचं. न्हाईतर ती सोता इचारती."

वसंतरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "देऊन टाक," ते म्हणाले.

नवा टाक पिकदाणीशेजारी ठेवून साळूबाईनं जुना पदरानं पुसला, गळ्यातल्या दोऱ्यात ओवला. अंगठा आपसूक त्या सपाट तोंडावर गेला.

शैलजाबाई नव्या टाकाकडे नाक मुरडून पाहत होत्या. "किती चकचकीत आहे हा. बाई, असं कर, हाही घेऊन जा. घाल गळ्यात. बारा वर्षांनी आणून दे."

नवा टाक तिथंच सोडून साळूबाई उंबरा ओलांडून गेली.