चाळीस पाकिटांचं कुंकू

राजूरच्या पोस्टात शिक्के मारणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. शिक्का उचलला की गरम चहावर घालावी तशी तो त्यावर फुंकर घालायचा आणि मगच हाणायचा.

एकाहत्तर साली मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. शिवाय परदेशातल्या इंग्रजी शिक्षकांच्या एका संघटनेचा बिनपगारी संपर्क अधिकारीही झालो होतो! हुद्दा एवढा भारदस्त की सांगताना मलाच हसू फुटायचं. पहिलंच काम आलं, वार्षिक सभेची चाळीस पत्रं विमानटपालाने देशोदेशी धाडायची.

"काय हाय यात?" त्याने खिडकीतून विचारलं.

"बोलावणं," मी ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो हाक मारून म्हणाला, "मास्तर, तुमी इसरला हुता. मी समद्या पाकिटांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावून धाडली."

"अहो, लग्न नाही, सभा आहे ती!" मी ओरडलो. पण टपालाची एसटी कधीच गेली होती.

दोन महिने मी मनातल्या मनात राजीनामा लिहीत होतो. मग परदेशातून चिटणीसबाईंचं पत्र आलं. सभेला एवढी माणसं आजवर कधी आली नव्हती, आणि जो तो त्या लाल-पिवळ्या बोटांबद्दल विचारत होता. पुढच्या वेळीही ती हवीतच!

मी अक्षरशः पळत पोस्टात गेलो आणि पत्र मराठीत वाचून दाखवलं. त्याने शिक्क्यावर फुंकर घातली.

"शिक्क्यानं पत्र जातंय, मास्तर. मानूस यायला कुंकू लागतं."